माणूस चंद्रावर वस्तीला गेला, तर श्रद्धेला तिथे काही काम उरेल का?

प्रश्न : रामबाग (इंदूर)

प्रश्न सरळच मांडते. माणूस चंद्रावर किंवा मंगळावर नुसता जाऊन परत न येता तिथेच राहू लागला, तिथे मुले जन्मू लागली आणि तिथेच माणसे मरू लागली, तर आज आपण जिला श्रद्धा म्हणतो तिला तिथे काही काम उरेल का? की पृथ्वीवरच्या नद्या, ऋतू आणि चंद्रोदय यांच्याबरोबर तीही इथेच राहून जाईल?

मी अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आणि संकष्टीचा उपासही तितकीच वर्षे केला. या दोहोंची एकमेकांना कधी अडचण झाली नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मुंबईचा चंद्रोदय ठळक छापलेला असतो. इंदूरला चंद्र त्याच्या काही मिनिटे आधी उगवतो, म्हणून सासूबाईंच्या काळापासून आमच्याकडे इंदूरच्या वेळा पेन्सिलीने शेजारी लिहून ठेवतात. सिमरोलच्या आयआयटीत शिकणारा माझ्या भाच्याचा मुलगा त्या वेळा पाहत होता आणि पाहता पाहता म्हणाला, "आजी, जो माणूस चंद्रावरच राहत असेल, त्याने कशाचा उदय पाहून जेवायचे?" चंद्राची जी बाजू आपल्याला दिसते तिथून पाहिले तर पृथ्वी आकाशात जवळजवळ एकाच जागी असते, ती उगवत नाही आणि मावळतही नाही, हे मी मुलांना शिकवत आले आहे, पण त्याच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

अडचण एका उपासाची नाही. आपली बहुतेक व्रते आणि सण पावसाशी, पेरणीशी, नदीशी, दिवस लहानमोठा होण्याशी आणि चंद्राच्या कलांशी बांधलेले आहेत, आणि ही बांधणी सुटली की आत काय उरते, हे मला समजून घ्यायचे आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ उतरले, त्या दिवशी आमच्या कॉलनीच्या मंदिरात सकाळी अभिषेक झाला आणि संध्याकाळी त्याच सभामंडपात पडदा लावून सगळ्यांनी यान उतरताना पाहिले. कोणालाही त्यात विसंगती वाटली नाही. परंतु ती जमिनीवर बसलेल्या माणसांची श्रद्धा होती आणि यानात माणूस नव्हता. मला प्रश्न पडला आहे तो जाणाऱ्यांचा, आणि त्याहून अधिक तिथे जन्माला येणाऱ्यांचा.

"विज्ञानापुढे धर्म टिकणार नाही" आणि "हे सगळे आपल्या ग्रंथांत आधीच लिहिले आहे" ही दोन ठरलेली उत्तरे मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांपलीकडे कोणी विचार केला असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : यंत्रशाळा (इंदूर)

ताई, आपला प्रश्न पुढच्या काळाचा असला तरी त्याचा थोडा भाग घडून गेलेला आहे, म्हणून आधी तोच पाहू.

सोविएत अंतराळवीर गेरमान तितोव याने १९६२ साली सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात सांगितले की वर त्याला देव दिसला नाही आणि देवदूतही दिसले नाहीत. त्याच सोविएत राज्याने उभारलेल्या, आता कझाकस्तानात असलेल्या बैकानूर तळावर आज सोयूझ यान सुटण्यापूर्वी धर्मगुरू येऊन रॉकेटवर पवित्र जल शिंपडतात. अमेरिकेच्या अपोलो-८ मधील तिघांनी २४ डिसेंबर १९६८ रोजी चंद्राभोवती फिरत असताना बायबलमधील सृष्टीच्या उत्पत्तीची वचने वाचली; त्यावरून खटला झाला आणि तो न्यायालयाने काढून टाकला. पुढच्याच वर्षी बझ ऑल्ड्रिनने चंद्रावर उतरल्यावर, बाहेर पाऊल टाकण्याआधी, पाव आणि द्राक्षमद्य घेऊन आपल्या चर्चचा विधी केला. आपल्या सुनीता विल्यम्स २००६ साली गेल्या तेव्हा त्यांच्यासोबत गीता आणि गणपतीची लहान मूर्ती होती. तेव्हा श्रद्धा अंतराळात जाईल का, या प्रश्नाला इतिहासाने उत्तर दिलेले आहे.

मला यांतले सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण इलान रामोन यांचे वाटते. हे इस्राएलचे पहिले अंतराळवीर. ते स्वतःला धर्माचरणी म्हणवत नसत. तरीही त्यांनी यानात धर्मनियमांप्रमाणे तयार केलेले अन्न मागितले आणि शब्बाथ, म्हणजे ज्यू लोकांचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, अंतराळात कसा मोजायचा, हे धर्मपंडितांना विचारले. त्यांच्यासोबत तोरा या ज्यू धर्मग्रंथाची एक अगदी लहान गुंडाळी होती. बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत एका मुलाचा धर्मसंस्कार त्या गुंडाळीवरून चोरून केला गेला होता. तो मुलगा जगला, शास्त्रज्ञ झाला आणि त्याने ती रामोन यांच्या हाती दिली. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना नष्ट झाले. त्यात कल्पना चावला होत्या, रामोन होते आणि ती गुंडाळीही होती. जो माणूस रोज प्रार्थना करत नव्हता, त्याने ती वस्तू का नेली असेल? आकाशातल्या देवाच्या जवळ जाण्यासाठी निश्चितच नाही. ज्यांच्या हातून ती आपल्यापर्यंत आली त्या माणसांना सोबत नेण्यासाठी नेली, असे मला वाटते.

आपल्या देशाचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. चुंबकीय विषुववृत्त केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावाजवळून जाते, म्हणून रॉकेट सोडण्यासाठी विक्रम साराभाईंना तीच जागा हवी होती. गावाच्या मधोमध मेरी मॅग्डलीनचे चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी गावकऱ्यांसमोर विषय मांडला आणि गावाने चर्च देऊन टाकले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिले रॉकेट सुटले, तेव्हा कार्यालय चर्चमध्ये होते. पुढे गावकऱ्यांनी दुसरीकडे चर्च बांधले आणि जुन्या चर्चमध्ये आज अंतराळ संग्रहालय आहे. वास्तू गेली म्हणून त्या कोळ्यांची श्रद्धा गेली नाही.

मी ज्या यंत्रशाळेत नोकरी केली तिथे खंडेनवमीला लेथ पुसून, तेल घालून, टूलपोस्टला झेंडूची माळ बांधत आणि त्या दिवशी यंत्र चालवत नसत. दुसऱ्या दिवशी तेच हात पुन्हा मायक्रॉन मोजायला बसत. हे जर जमिनीवर जमते, तर चंद्रावर का जमू नये, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

उत्तर : विवेकमार्गी (बडोदे)

वरील माहितीबद्दल आभार. तिच्याबद्दल शंका नाही, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. हे सगळे पृथ्वीवर वाढलेले लोक होते आणि काही दिवसांत किंवा महिन्यांत परतणार होते. घरून निघालेला माणूस घरचे काहीतरी सोबत नेतोच. ताईंचा प्रश्न तिथे जन्मलेल्या मुलीचा आहे, आणि तिच्याबद्दल या उदाहरणांवरून काहीच ठरत नाही.

बडोद्यात श्रावणात शीतळा सातम पाळतात. आदल्या दिवशी सगळा स्वयंपाक करून ठेवायचा, सातमीला चूल पेटवायची नाही, थंड जेवायचे. हे व्रत ज्या भीतीतून आले तो देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. थंड जेवण राहिले; पण रात्रभर लेकराच्या अंगावरचे फोड पाहत बसलेल्या आईची जी विनवणी होती, ती राहिली नाही, आणि ती राहिली नाही हे फार चांगले झाले. मी त्या उरलेल्या जेवणाला रीत म्हणेन. रीत टिकली म्हणजे श्रद्धा टिकली, असे धरून चालणे मला बरोबर वाटत नाही.

दुसरा मुद्दा व्यवहाराचा आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो-१ च्या सरावात शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या कक्षात आग लागली आणि तिघे अंतराळवीर काही क्षणांत गेले. तेव्हापासून बंद कक्षातल्या आगीविषयी अंतराळात तडजोड नाही. मग निरांजन नाही, उदबत्ती नाही, होम नाही, लग्नातली सप्तपदी अग्नीभोवती नाही आणि चिताही नाही. नदी नाही, म्हणून विसर्जन नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर घाम आणि मूत्र यांतूनसुद्धा पाणी परत मिळवले जाते आणि सुमारे ९८ टक्के पाणी पुन्हा वापरात येते. तिथे अभिषेकाचे तीर्थ म्हणजे सगळ्यांचे पिण्याचे पाणी. अग्नी, जल आणि चंद्र ही तिन्ही काढून घेतल्यावर आपल्या धर्माचे जे उरेल ते आजी-आजोबांच्या गोष्टींसारखे असेल. ते जपावे, मी विरोध करणार नाही. पण तिथे माणसांना जगवणारी गोष्ट वेगळी असेल: शेजाऱ्याने झडप नीट बंद केली आहे, हा विश्वास. त्यासाठी देवाची गरज नाही, प्रामाणिक शेजाऱ्याची आहे.

उत्तर : मेष संक्रांत (इंदूर)

आमच्या घरात पंचांगाचे गणित तीन पिढ्यांपासून चालत आले आहे, म्हणून ताईंच्या मूळ प्रश्नाकडे मी त्या बाजूने पाहतो.

पूजेला बसताना संकल्पात आपण कोठे आणि केव्हा बसलो आहोत हे आधी सांगावे लागते. द्वीप, वर्ष, खंड, मग नदी आणि तिचा कोणता तीर. त्यानंतर संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी. आमचे पूर्वज गोदावरीकाठचे. होळकरांच्या काळात ते माळव्यात आले, तेव्हा संकल्पातली गोदावरी सुटली आणि "नर्मदेच्या उत्तर तीरावर" असे म्हणायला सुरुवात झाली. देव तेच राहिले, पत्ता बदलला. स्थळ बदलल्यावर काय म्हणायचे, याची जागाच त्या वाक्यात ठेवलेली आहे. विवेकमार्गी यांनी अग्नी आणि जल काढून घेतले, पण मानसपूजा ही आपल्याकडे अपवादातली सोय नाही. साहित्य नसताना, आजारपणात, प्रवासात ती पूर्ण पूजा मानली जाते.

आता चंद्रावरच्या दिवसाविषयी. आपल्या सिद्धान्तग्रंथांत पितरांचा एक अहोरात्र आपल्या एका चांद्रमासाएवढा धरला आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी त्याचे कारण दिले. पितर चंद्राच्या वरच्या, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला राहतात असे धरले, तर आपल्या अमावास्येला सूर्य त्यांच्या माथ्यावर येतो, म्हणून अमावास्या हा त्यांचा मध्यान्ह आणि पौर्णिमा ही मध्यरात्र. चंद्रावरचा दिवस-रात्र मिळून सुमारे साडेएकोणतीस पृथ्वीदिवसांचा असतो, हे आजचे मोजमाप त्याच्याशी जुळते. ताई, "ग्रंथांत सगळे आहे" असे मी म्हणत नाही. भास्कराचार्य चंद्रावर गेले नव्हते, त्यांनी भूमिती मांडली. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच: चंद्रावर उभ्या असलेल्याचा दिवस आपल्या दिवसाहून निराळा असणार, हा विचार श्रद्धेच्या आड आला नाही, उलट अमावास्येला श्राद्ध का करावे, याचे उत्तर म्हणून तो स्वीकारला गेला.

हाच प्रश्न २००७ साली मलेशियापुढे प्रत्यक्ष आला. त्यांचे अंतराळवीर शेख मुझफ्फर शुकोर रमजानच्या महिन्यात स्थानकावर गेले. स्थानक सुमारे ९० मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारते, म्हणजे चोवीस तासांत सोळा सूर्योदय. मलेशियातल्या धर्मपंडितांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून ठरवले की पाच नमाज चोवीस तासांतच, यान जिथून सुटले तिथल्या वेळेप्रमाणे करावेत. तोंड जमल्यास काबाकडे, न जमल्यास काबाच्या वरच्या आकाशातील स्थानाकडे, तेही न जमल्यास पृथ्वीकडे, आणि तेही शक्य नसेल तर जिकडे असेल तिकडे. उपास परतल्यावर करण्याचीही मुभा दिली. एवढ्या बारकाईने नियम कोणी निरर्थक गोष्टीसाठी करत नाही.

मंगळावर मात्र खरी अडचण येईल. तिथला दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, वर्ष सुमारे ६८७ पृथ्वीदिवसांचे, आणि दोन चंद्रांपैकी फोबोस इतका वेगाने फिरतो की तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. पृथ्वीची तिथी तिथे डोळ्यांनी दिसणार नाही. पहिली पिढी उज्जैनची किंवा मुंबईची वेळ धरेल. तिसरी पिढी आपले पंचांग करील. आणि मग दोघांत वाद होईल. तो वाद आपल्याला अपरिचित नाही. टिळक पंचांग मानणाऱ्यांचा अधिक मास कधी कधी वेगळा येतो आणि त्या वर्षी त्यांच्याकडे गणपती महिनाभर आधी बसतो. इंदुरात तर आपण दोन महिन्यांतच राहतो: हिंदी शेजाऱ्यांचा श्रावण पौर्णिमेनंतर लगेच लागतो, आपला पंधरा दिवसांनी. उज्जैनच्या महाकालाची सोमवारची सवारी उत्तरेच्या श्रावणात सुरू होते आणि मराठी श्रावण संपेपर्यंत, म्हणजे त्यांच्या भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यातही निघते. एकाच देवाने दोन्ही पंचांगे सांभाळली. मंगळावरच्यांनाही असाच तोडगा काढता येईल, असे मला मनापासून वाटते.

उत्तर : हिमवासी (ग्वाल्हेर)

अंतराळ मी पाहिलेले नाही, पण त्याच्या जरा जवळची जागा पाहिली आहे. अंटार्क्टिकावरील मैत्री या भारतीय केंद्रावर हिवाळा काढलेल्या चमूत मी होतो. तिथे हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही आणि उन्हाळ्यापर्यंत विमान किंवा जहाज येत नाही. काहीही झाले तरी तिथून निघता येत नाही.

आम्ही गणपती बसवला होता. मूर्ती लहान, मातीची, घरून नेलेली. केंद्राजवळ प्रियदर्शिनी नावाचे तळे आहे, पण ते पिण्याच्या पाण्याचे, आणि १९९१ च्या माद्रिद करारानुसार अंटार्क्टिकावर काहीही टाकायला मनाई आहे. म्हणून विसर्जन बादलीत केले, माती खाली बसू दिली, ती एका डब्यात भरली आणि परतीच्या जहाजातून आणली. विवेकमार्गी म्हणतात की नदी नाही म्हणून विसर्जन नाही. विसर्जन झाले, आणि आरतीला केरळचे आचारी, बंगालचे हवामानतज्ज्ञ आणि देव न मानणारे आमचे डॉक्टर, सगळे उभे होते.

त्याच मुक्कामात ग्वाल्हेरला वडील गेले. क्रिया धाकट्या भावाने केली. दहाव्या दिवशी मी भाताचा एक पिंड करून स्टीलच्या ताटलीत ठेवला आणि ताटली दाराबाहेर नेली. तिथे हिवाळ्यात पक्षी नसतात. स्कुआ नावाचे मोठे समुद्रपक्षी उन्हाळ्यात येतात तेही उत्तरेला निघून जातात. कावळा शिवत नसेल तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, हे मला माहीत होते, पण दर्भही नव्हता. भाऊ उपग्रह फोनवर होता. तो म्हणाला, "दादा, इथे घाटावर शिवला." मी ताटली आत आणली, कारण अन्न बाहेर ठेवता येत नाही, आणि तो पिंड अन्नकचऱ्याच्या पिंपात टाकला, जे नंतर जहाजाने परत जाणार होते. डॉक्टर तोवर माझ्या शेजारी उणे पंचवीस अंशांत उभे होते. त्यांनी काही विचारले नाही आणि मीही काही सांगितले नाही.

ती रीत होती की श्रद्धा, हे मला तेव्हा सांगता आले नसते आणि आजही येत नाही. एवढे मात्र सांगू शकतो की ते केले नसते, तर उरलेले महिने मी नीट काम करू शकलो नसतो, आणि तिथे एकाने नीट काम न करणे सगळ्यांना महागात पडते. विवेकमार्गी ज्या प्रामाणिक शेजाऱ्याविषयी लिहितात, तो शेजारी आतून मोडला तर झडप कोण बंद करणार?

मला मंगळाची भीती वाटते ती वेगळ्या कारणाने. मला भावाचा आवाज लगेच ऐकू आला होता. मंगळ आणि पृथ्वी यांच्यामध्ये रेडिओ संदेशाला एका बाजूने तीन ते बावीस मिनिटे लागतात. तिथे असे बोलणे होणारच नाही, फक्त निरोप जातील आणि येतील. दुःखाच्या वेळी ज्याला घरचा आवाज ऐकू येत नाही, तो दुसरा काहीतरी आधार शोधेल. श्रद्धा तिथे कमी लागेल असे मानण्याचे कारण मला दिसत नाही. अधिक लागेल असेच वाटते.

उत्तर : सिमरोल (इंदूर)

ज्याच्या प्रश्नावरून ही चर्चा सुरू झाली तो मीच. आजीने दुवा पाठवला. हिमवासी काकांचे लिखाण वाचल्यावर त्यावर लगेच काही लिहावेसे वाटले नाही, म्हणून उशीर झाला.

सगळ्यांनी जाणाऱ्यांचा विचार केला आहे. मला मागे पृथ्वीवर राहणाऱ्यांविषयी बोलायचे आहे, कारण माझ्या मते हा प्रश्न पुढच्या शतकाचा नसून आजच समोर आहे. जानेवारी १९९८ मध्ये नासाच्या लूनर प्रॉस्पेक्टर यानातून भूशास्त्रज्ञ यूजीन शूमेकर यांच्या अस्थींचा अंश चंद्राकडे गेला आणि ३१ जुलै १९९९ रोजी ते यान चंद्रावर आदळवले गेले. अमेरिकेतील मूळनिवासी नवाहो लोकांसाठी चंद्र पवित्र आहे, त्यावर मानवी अवशेष ठेवणे त्यांना मान्य नाही. त्यांनी निषेध केला, नासाने क्षमा मागितली आणि पुढे असे काही करण्याआधी विचारण्याचे आश्वासन दिले. ८ जानेवारी २०२४ रोजी पेरेग्रिन हे खासगी यान पुन्हा अस्थी घेऊन निघाले. नवाहो राष्ट्राच्या अध्यक्षांनी त्याआधीच हरकत घेतली होती. उत्तर असे मिळाले की यान खासगी आहे आणि त्यात काय न्यावे हे सरकार ठरवत नाही. इंधनगळतीमुळे यान चंद्रावर पोहोचलेच नाही आणि दहा दिवसांनी पृथ्वीच्या वातावरणात जळून गेले. तो अपघात होता. प्रश्न सुटलेला नाही.

१९६७ च्या अवकाश करारानुसार चंद्रावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही. भारताने जून २०२३ मध्ये चंद्रमोहिमांविषयीच्या ज्या आर्टेमिस करारांवर सही केली, त्यांत जुन्या मोहिमांच्या उतरण्याच्या जागा वारसा म्हणून जपण्याची तरतूद आहे. म्हणजे यंत्राचे पाऊल जिथे पडले ती जागा जपायची, पण हजारो वर्षे ज्याच्याकडे पाहून माणसांनी उपास सोडले, महिने मोजले आणि मेलेल्यांची आठवण केली, त्या चंद्राविषयी त्यांत शब्द नाही. मी स्वतः उपास करत नाही. तरीही हे मला चुकीचे वाटते. उद्या चंद्रावर रात्री पृथ्वीवरून दिसेल अशी जाहिरात लावायची कोणाला इच्छा झाली, तर अडवणार कोण आणि कोणत्या आधारावर? "आमच्या व्यापाराला अडथळा होतो" हे कारण चालेल. "आमच्या श्रद्धेला धक्का लागतो" हे कारण चालेल का?

चंद्रयान-३ च्या उतरण्याच्या जागेला आपण शिवशक्ती हे नाव दिले आणि मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने ते मान्य केले. मला त्या नावाचा आनंद आहे. पण आपल्या देवांचे नाव चंद्रावर जाऊ शकते, तर नवाहोंचा नकारही चंद्रापर्यंत पोहोचला पाहिजे.

उत्तर : विवेकमार्गी (बडोदे)

सिमरोलच्या विद्यार्थ्याने मांडलेली बाजू मी विचारात घेतली नव्हती आणि ती महत्त्वाची आहे. श्रद्धा बाळगणारे लोक पृथ्वीवर आहेत तोवर चंद्राविषयीच्या निर्णयात त्यांना विचारले पाहिजे, हे मानायला मला स्वतः श्रद्धाळू असण्याची गरज नाही. शिवाय हिमवासी यांनी विचारलेल्या प्रश्नाला माझ्याजवळ चांगले उत्तर नाही. मी डॉक्टरांच्या जागी असतो तर मीही तिथे उभा राहिलो असतो.

माझा एक आक्षेप मात्र कायम आहे आणि तो मेष संक्रांत यांच्यासाठी आहे. आपण म्हणालात की तिसरी पिढी आपले पंचांग करील आणि वाद होईल. इंदुरात ज्याला वाद पटत नाही तो दुसऱ्या मंदिरात जातो, दुसऱ्या गल्लीत राहायला जातो. मंगळावरच्या वस्तीत माणसे मोजकी असतील, हवा एकच असेल आणि दार उघडून बाहेर जाता येणार नाही. तिथे जन्मलेल्या एखाद्या मुलीने सांगितले की मला यांतले काहीच पाळायचे नाही, तर तिला तसे राहू देण्याची तरतूद त्या वस्तीच्या नियमांत पहिल्या दिवसापासून लिहिलेली असली पाहिजे. मलेशियाने श्रद्धावानाला सूट कशी द्यायची ते लिहून ठेवले. न मानणाऱ्याला सूट कशी द्यायची, ते अजून कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. आपण पंचांग करणारे आहात, नियम आणि अपवाद दोन्ही आपल्याला माहीत असतात, म्हणून यावर आपले मत वाचायला मला आवडेल.